काठ

आमच्या गावाला समुद्र नाही.
कंबर तलाव आहे, तोही मे महिन्यात
गुडघ्यावर येतो.
त्यामुळे बंदर म्हणजे नेमकं काय
हे राजव्वाला शेवटपर्यंत कळलं नाही.
स्टेशनसारखंच असेल की, म्हणायची,
फक्त रूळ ओले.

तिचा थोरला भाऊ पोशट्टी
जॉबरशी भांडून गिरणीतून सुटला
आणि मुंबईला गेला, गोदीत गाठी उचलायला.
पहिल्या पत्रात (अक्षर दुसऱ्याच कुणाचं):
इथेही कापूसच आहे. पाठ ओळखते त्याला.
अठरा रुपयांची मनिऑर्डर.
मग अकरा.
मग परत अठरा.

मग चव्वेचाळीसचा एप्रिल.
एकाच जहाजात कापूस आणि दारूगोळा.
शेजारी शेजारी कुणी ठेवला, विचारायची सोय नव्हती,
लढाई चालू होती.

कापसाची आग मी पाहिली आहे.
साखर पेठेत आमच्या गोदामाला लागली तेव्हा
बंबवाले विझली म्हणून चहा पिऊन गेले.
तिसऱ्या दिवशी एका गाठीच्या पोटात हात घातला,
आत जिवंत.
तिला ज्वाळेची घाई नसते.

पेपरात धड काही आलं नाही.
बातमी आणली ती मेलमधून उतरलेल्या एका आचाऱ्याने.
त्याला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं होतं
म्हणून तो सगळं ओरडून सांगत होता,
आणि हवालदार त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणत होता,
हळू बोल, हळू बोल.

माझे आजोबा, मधले, शोधायला गेले.
खिडकीतल्या कारकुनाने विचारलं,
बिल्ला नंबर?
आजोबांनी उंची सांगितली.
डाव्या भुवईवर व्रण, धोटा उडून लागलेला.
नंबर?
नाव सांगितलं, आधी तेलुगूत,
मग मराठीत, मग जमेल तशा हिंदीत.
नंबराशिवाय माणूस वहीत चढत नव्हता.

सोनं मात्र सापडत राहिलं, म्हणतात.
गाळ उपसताना, कितीतरी वर्षांनी,
विटेएवढं, वजनासकट,
नंबरासकट.

जयंतीच्या मिरवणुकीचा ताशा गल्लीत शिरला
की आमची दारं थरथरायची.
सगळी पोरं नाचायला पळायची, मीही.
राजव्वा उंबऱ्यात उभी.
एकदा विचारलं तिने, मलाच,
एवढाच असेल का रे आवाज?
मी घामाघूम, गुलालात, काय सांगणार.
म्हटलं, याच्यापेक्षा कमी.

ती गेली तेव्हा तिच्या पेटीत
मनिऑर्डरच्या पावत्या निघाल्या.
अकराची वेगळी बांधलेली.
त्या महिन्यात तो आजारी असणार,
हे तिने इतकी वर्षं मनात धरलं होतं.

मी जकार्डची कार्डं पाडतो.
जाड पुठ्ठा, त्याला भोकं.
जिथे भोक तिथे दोरा उठतो,
दोरा उठला की फूल.
यात तत्त्वज्ञान काही नाही,
पगार त्याचाच मिळतो.

यंदा चौदा तारखेला सुट्टी होती.
कारखान्याची किल्ली माझ्याकडे.
चादरीच्या काठात जिथे मालकाचं नाव येतं
तिथे दुसरं नाव पाडलं.
जोडाक्षराने जीव खाल्ला,
ट्ट काही केल्या ट्ट दिसेना,
तीन कार्डं वाया गेली.
चार वाजून गेले होते. बाहेर ऊन असं
की पत्रा आपोआप वाजत होता.
माग लावला.
एकच चादर. तांबडी, काठ पांढरा.
उलट्या बाजूने नाव उलटं येतं,
जणू कुणी पलीकडून वाचतंय.

दुसऱ्या दिवशी मालकाने घडी उलगडली.
पोशट्टी? हा कुठला ब्रँड?
मी गप्प.
सॅम्पल आहे का?
म्हटलं, हो.
त्याने काठावरून बोट फिरवलं, दोनदा.
विणकाम बरं आलंय, म्हणाला,
पण नंबर टाक.
नंबराशिवाय पीस वहीत चढत नाही.

अजून टाकलेला नाही.